हॅकर म्हणजे चोरच का?



हा लेख लिहायला मला सहा महिने लागले. विषय कठीण होता म्हणून नव्हे. ज्या प्रसंगापासून सुरुवात करायची तो सांगायची लाज वाटत होती.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी दुपारी शब्बातची खरेदी करून मी घरी आले. पिशव्या खाली ठेवते तोच फोन वाजला. पलीकडे तरुण, गोड आवाज आणि अस्खलित हिब्रू. "मी बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमच्या कार्डावर हैफाच्या एका दुकानात कोणीतरी मोठी खरेदी करतंय. ती थांबवायची ना?" मी घाबरले. "मग तुमच्या मोबाईलवर आता सहा आकडे येतील, ते मला वाचून दाखवा." मी चष्मा शोधला आणि आकडे एकेक करून नीट वाचून दाखवले. त्याने आभार मानले आणि शब्बात शालोमही म्हटले. माझ्या खात्यातून ४,८०० शेकेल गेले.

पस्तीस वर्षे मी मुलांना गणित शिकवले. "उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा," हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना अजून आठवते. आणि मीच प्रश्न न वाचता उत्तर दिले होते. हे कोणाला सांगणार? आपल्यात म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली. मुलीला सांगितले नाही, शेजारणीला सांगितले नाही, बँकेतसुद्धा तीन आठवडे गेले नाही.

मग एके दिवशी नातू माझा मोबाईल नीट करायला आला आणि त्याला तो सहा आकड्यांचा संदेश दिसला. तो संगणक-सुरक्षेच्या एका कंपनीत काम करतो. "आजी, हे काय?" त्याने विचारले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. सगळे सांगून टाकले आणि शेवटी म्हणाले, "जळले मेले ते हॅकर!"

तो हसला. म्हणाला, "आजी, तो हॅकर नव्हता, चोर होता. हॅकर मी आहे."

आता माझ्या घरात हॅकर निघाला म्हटल्यावर मला धक्काच बसला. आपल्या बेने इस्राएलांची आडनावे गावांवरून पडलेली. नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर. मी त्याला म्हटले, "अरे, हे 'हॅ' गाव कोकणात आहे तरी कुठे?" तेव्हापासून दर आठवड्याला तो मला त्या गावाची थोडीथोडी माहिती देऊ लागला. ते गाव नकाशावर नाही, पण त्याच्या चालीरीती आहेत, मानपान आहेत, भांडणे आहेत आणि त्याचा इतिहासही आहे. तो आपल्या वयाच्या मंडळींना ठाऊक असावा असे मला वाटते.

आगगाडीच्या टेबलाखाली

अमेरिकेत केंब्रिज या गावी एम.आय.टी. नावाचे प्रसिद्ध तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांनी खेळातल्या आगगाड्यांचा एक क्लब काढला. मोठ्या टेबलावर रूळ, स्टेशने, डोंगर, बोगदे. काही मुलांना वरची रंगवलेली गाडी आवडे. काहींचे लक्ष मात्र टेबलाखाली असे. गाडी कोणत्या रुळावर जाईल हे ठरवणाऱ्या तारा आणि स्विचेस तिथे होते. ज्यांनी दादर किंवा भायखळ्याच्या पुलावर उभे राहून रूळ बदलताना पाहिले असतील, त्यांना या मुलांचे वेड कळेल. गाडीत बसण्यापेक्षा सिग्नलच्या केबिनमध्ये काय चालते, हे त्यांना पाहायचे होते.

या टेबलाखालच्या मंडळींनी एखादी युक्ती लढवून काम फत्ते केले की त्याला ते 'हॅक' म्हणत. एखादी गोष्ट कमी तारांत, कोणाला सुचले नव्हते अशा रीतीने केली, तर तो उत्तम हॅक. असे करणारा तो हॅकर. १९५९ साली त्या क्लबातल्या पीटर सॅमसन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या खास शब्दांचा छोटा कोशच तयार केला. चोरीचा तिथे काही संबंध नव्हता.

पुढे त्याच मुलांना विद्यापीठातला संगणक दिसला. दिवसा तो मोठ्या लोकांच्या कामात असे, म्हणून ही मुले रात्री जाऊन बसत. त्या काळी संगणकाला द्यायच्या सूचना भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. आपली पट्टी लिहून झाली की ती संगणकाजवळच्या खणात ठेवायची, असा त्यांचा रिवाज होता. ज्याला हवी त्याने घ्यावी, वापरावी, सुधारावी आणि पुन्हा खणात ठेवावी. तिच्यावर मालकी सांगायची नाही आणि तिला कुलूप लावायचे नाही. स्टीव्हन लेव्ही या लेखकाने १९८४ साली हॅकरांवर मोठे पुस्तक लिहिले, त्यात या खणाचे वर्णन आहे. माझा नातू म्हणतो की हॅकर मंडळींची पहिली चाल या खणातून आली. जे कळले ते वाटायचे.

शिट्टी आणि ट्रंक कॉल

दुसरी चाल टेलिफोनवाल्यांकडून आली. आपण इथे आलो तेव्हा मुंबईला फोन लावणे म्हणजे काय प्रकरण होते, ते आठवते ना? ट्रंक कॉल नोंदवायचा, तासन्तास वाट पाहायची, मग तीन मिनिटांत घाईघाईने रडायचे आणि हसायचे.

अमेरिकेत दूरच्या कॉलची यंत्रे माणसाशिवाय चालत. एक यंत्र दुसऱ्याला सुरांच्या भाषेत सूचना देई. गंमत अशी, की माणसाचा आवाज आणि यंत्राची सूचना एकाच तारेतून जात. २६०० हर्ट्झचा सूर ऐकू आला की यंत्राला वाटे, लाइन मोकळी झाली. जो एंग्रेसिया नावाच्या एका जन्मांध मुलाला सुरांचे अचूक ज्ञान होते. तो अगदी लहान असताना फोनवर शिट्टी वाजवत होता आणि कॉल मध्येच तुटला. पुन्हा वाजवली, पुन्हा तुटला. फोनचे यंत्र आपल्या शिट्टीला भिते, हे त्याने असे शोधून काढले. पुढे कॉलेजात तो मित्रांना शिट्टी वाजवून दूरचे कॉल लावून देऊ लागला आणि पकडला गेला. त्याच सुमारास न्याहारीच्या लाह्यांच्या खोक्यात मुलांसाठी फुकट मिळणाऱ्या एका खेळण्यातल्या शिट्टीतूनही तोच सूर निघतो, असे या मंडळींना कळले. जॉन ड्रेपर नावाच्या एकाने त्या लाह्यांच्या नावावरून 'कॅप्टन क्रंच' हेच आपले टोपणनाव केले.

आपल्या देशातही कफर कासेम गावातले तीन जन्मांध अरब भाऊ असेच टेलिफोनच्या नादी लागले होते. फोनची बटणे दाबताना होणाऱ्या नुसत्या आवाजावरून ते नंबर ओळखत. त्यांचे पाऊल मात्र शोधाच्या पुढे फसवणुकीपर्यंत गेले आणि त्यांना शिक्षा झाली.

इथे मी नातवाला अडवले. "मग फुकट कॉल करणं ही चोरी नव्हे?" तो म्हणाला, "होय आजी, चोरीच. पण प्रत्येकाला कॉल फुकट हवा होता असं नाही. कित्येकांना पलीकडे बोलायला कोणी नव्हतंच. यंत्र कसं चालतं तेवढं त्यांना पाहायचं होतं." हे मला थोडे पटले, थोडे पटले नाही. पण एक गोष्ट खरी. शिट्टीने जो दोष दाखवला तो त्या तारांमध्ये होताच. पुढे कंपन्यांनी आवाजाची वाट आणि सूचनांची वाट वेगळी केली, तेव्हा शिट्टीची जादू संपली.

नाव, गाव आणि मेळावा

या मंडळींत टोपणनावाची फार चाल आहे. १९ मे १९९८ रोजी बॉस्टनचे सात हॅकर अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसले. त्यांच्या पुढ्यातल्या पाट्यांवर खरी नावे नव्हती, 'मज', 'स्पेस रोग' अशी टोपणनावे होती. अर्ध्या तासात आम्ही इंटरनेट बंद पाडू शकतो, असे त्यांनी सिनेटरांना सांगितले. ही धमकी नव्हती. घर इतके कच्चे आहे, वेळीच डागडुजी करा, एवढेच त्यांना सांगायचे होते.

टोपणनाव आपल्याला काही नवे नाही. आपल्या शाळेत कुसुमाग्रज, बालकवी, गोविंदाग्रज यांच्या कविता होत्या आणि खरी नावे परीक्षेपुरती पाठ करावी लागत. पण हॅकराच्या टोपणनावाचा आणखी एक उपयोग आहे. आपली आडनावे गाव सांगतात. नाव ऐकले की घराणे, शाळा, नातेवाईक सगळे कळते. हॅकराचे टोपणनाव यातले काहीच सांगत नाही. तो सोळा वर्षांचा आहे की साठ, पदवीधर आहे की शाळा सोडलेला, हे कोणी विचारीत नाही. तुला काय येते ते दाखव, एवढाच प्रश्न.

ही समता ऐकायला छान वाटते. व्यवहारात नेहमी तशी नसते, हेही नातवाने कबूल केले. नवशिक्याची टर उडवणे, आपल्यालाच सगळे कळते असा ताठा आणि मुलींना उपरे वाटायला लावणे, हे दोष त्या गावात जुने आहेत. ते मोडण्यासाठी झटणाऱ्यांत आपल्या इस्राएलच्या केरेन एलझारी आहेत. या क्षेत्रातल्या स्त्रियांना एकत्र आणण्याचे काम त्यांनी केले आणि तेल अवीवला हॅकरांचा मोठा मेळावाही भरवला. २०१४ साली एका जागतिक व्यासपीठावरच्या भाषणात त्यांनी हॅकरांना इंटरनेटची रोगप्रतिकारशक्ती म्हटले होते.

मेळाव्यांवरून आठवले. सर्वांत प्रसिद्ध मेळावा लास व्हेगासला दर उन्हाळ्यात भरतो. त्याचे नाव डेफकॉन. जेफ मॉस नावाच्या तरुणाने १९९३ साली तो सुरू केला, तेव्हा शंभरएक माणसे आली होती. आता हजारोंनी येतात. तिथल्या रीती ऐकून मला हसू आले. दारात रोख पैसे द्यायचे, नाव सांगायची सक्ती नाही. गळ्यात घालायचा बिल्ला म्हणजे कित्येकदा एक कोडेच असते, ते सोडवत बसायचे. एका दालनात लहानथोर बसून कुलपे किल्लीवाचून उघडायला शिकतात. पूर्वी एक खेळ असे. गर्दीत साध्या वेशातला सरकारी माणूस ओळखायचा, बरोबर ओळखला तर बक्षीस म्हणून सदरा. सरकारी माणूसही हसून कबूल करी. आणि एक भिंत असते, तिचे नाव 'मेंढ्यांची भिंत'. मेळाव्यात जो कोणी निष्काळजीपणे मोबाईल किंवा संगणक वापरील, त्याचे उघडे पडलेले नाव आणि पासवर्डचा तुकडा तिथे झळकतो. म्हणजे तज्ज्ञांच्या जत्रेतही मेंढ्या सापडतातच.

नवीन येणाऱ्यांना जुने लोक तीन-दोन-एक हा नियम सांगतात. रोज निदान तीन तास झोप, दोन वेळा जेवण आणि एक वेळ अंघोळ. मी नातवाला म्हटले, हा नियम तर तुझ्या आईने तुला बारा वर्षांचा असताना सांगितला होता.

कपाटाची किल्ली

आता मुख्य गोष्टीकडे येते. फार वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत होते, तिथे परीक्षेच्या प्रश्नपत्रिका एका लोखंडी कपाटात असत. एका मुलाला योगायोगाने कळले, की खडू-डस्टरच्या कपाटाची किल्ली या कपाटालाही लागते. तो माझ्याकडे आला, मान खाली घालून म्हणाला, "मोरा, हे कपाट उघडतं." त्याने प्रश्नपत्रिका घेतली नव्हती. मी त्याला काय म्हटले माहीत आहे? "तू त्या कपाटाजवळ गेलासच का?" त्याला शिक्षा झाली. कुलूप मात्र वर्षअखेरीपर्यंत तेच राहिले.

हॅकरांच्या जगातले सगळ्यांत जुने भांडण नेमके हेच आहे. दोष सापडला तर काय करायचे? काऊबॉयच्या सिनेमांत नायकाची टोपी पांढरी आणि खलनायकाची काळी असे. त्यावरून या मंडळींनी नावे पाडली. सापडलेल्या किल्लीने चोरी करणारा काळ्या टोपीचा. मालकाची परवानगी घेऊन कुलूप तपासणारा किंवा दोष दिसताच मालकाला सांगणारा पांढऱ्या टोपीचा. परवानगी न घेता उघडून पाहणारा, पण चोरी न करणारा, तो करड्या टोपीचा. माझा तो विद्यार्थी कोणत्या टोपीचा होता, याचा मी आज विचार करते. आणि त्याच्या मोराची टोपी कोणती होती, याचाही.

पूर्वी कंपन्याही माझ्यासारख्याच वागत. दोष सांगायला येणाऱ्यावर वकील सोडत. मग चिडून काही हॅकर तो दोष सरळ जगापुढे मांडीत. त्यात चोरांचे फावे. भांडता भांडता एक रीत रूढ झाली. आधी कंपनीला गुपचूप कळवायचे, दुरुस्तीला ठराविक मुदत द्यायची आणि मग सर्वांना सांगायचे. गूगलच्या एका तुकडीने ही मुदत ९० दिवसांची ठेवली आणि पुष्कळांनी तोच आकडा धरला. शिवाय दोष दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायची प्रथा पडली. नेटस्केप नावाच्या कंपनीने १९९५ सालीच तसे बक्षीस जाहीर केले होते. आज कित्येक तरुणांचा चरितार्थ यावर चालतो.

या रीतीचे उत्तम उदाहरण म्हणजे डॅन कमिन्स्की. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला एक नंबर असतो. आपण बँकेचे नाव टाकतो, तेव्हा जगभर पसरलेली एक प्रकारची टेलिफोन डिरेक्टरी ते नाव पाहून नंबर देते. २००८ च्या सुरुवातीला कमिन्स्कीला दिसले, की या डिरेक्टरीत कोणीही खोटा नंबर घुसवू शकतो. म्हणजे आपण बँकेच्या दारात आहोत असे समजून चोराच्या घरात शिरणार आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. त्या वेळी तो तिशीच्या आत होता. ही किल्ली विकली असती तर त्याच्या सात पिढ्या बसून खात्या.

त्याने फोन उचलला आणि जाणत्यांना सांगितले. मार्च २००८ च्या अखेरीस निरनिराळ्या कंपन्यांचे सोळा तज्ज्ञ मायक्रोसॉफ्टच्या कचेरीत गुपचूप जमले. एरवी हे एकमेकांचे स्पर्धक. एकाने आधी दुरुस्ती केली, तर चोर ती पाहून बाकीच्यांची घरे फोडतील, म्हणून सर्वांनी एकाच दिवशी दुरुस्ती बाहेर काढायची असे ठरले. ८ जुलैला तसे झाले. तोपर्यंत ते गुपित फुटले नाही. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला कमिन्स्कीने सगळे उलगडून सांगितले. आणि वाचकहो, मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की त्याची आजी घरी केलेली बिस्किटे घेऊन तिथे आली होती. नातू व्यासपीठावर इंटरनेटच्या मुळावर बोलतो आहे आणि आजी त्या काळ्या सदऱ्यांतल्या हॅकरांना बिस्किटे वाटते आहे. कमिन्स्की २०२१ साली केवळ ४२ व्या वर्षी गेला. त्याच्याविषयी बोलताना लोक त्याच्या बुद्धीइतकेच त्याच्या मायाळूपणाविषयी बोलले.

आजीवरून आणखी एक. आपल्या देशातली चेक पॉइंट ही संगणक-सुरक्षेची मोठी कंपनी १९९३ साली सुरू झाली. सैन्याच्या ८२०० क्रमांकाच्या तुकडीत शिकून आलेला गिल श्वेद आणि त्याचे दोन सोबती यांचे सुरुवातीचे काम त्यातल्या एकाच्या आजीच्या घरात चाले. तेव्हा या इतिहासात आपल्या वयाच्या बायकांचाही थोडा वाटा आहे.

यातले काम आपल्या अंगाशी किती भिडते, तेही सांगते. आपल्यापैकी कित्येकांच्या छातीत पेसमेकर आहे. काही पेसमेकरांशी डॉक्टर तारेवाचून बोलू शकतात. तसे असेल तर दुसराही कोणी बोलू शकेल का, हा प्रश्न हॅकरांनी विचारला आणि काही यंत्रांबाबत उत्तर 'होय' असे आले. २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी दुरुस्ती काढण्यात आली. ऑपरेशन नव्हते. दवाखान्यात जाऊन बाहेरूनच ती करून घ्यायची होती. कोणाला इजा झाल्याची नोंद तोपर्यंत नव्हती. घात होण्याआधी दोष सांगितला गेला, याचे हे उदाहरण.

एकाच डोक्यावर दोन टोप्या

पण माणसे काही टोप्यांइतकी स्वच्छ रंगांची नसतात. १९९८ साली अमेरिकन सैन्याच्या संगणकांत शिरल्याबद्दल आपल्या होद हशारोनचा एक तरुण पकडला गेला. त्याचे टोपणनाव 'ॲनालायझर'. त्या वेळी पुष्कळांनी कौतुकाने पाठ थोपटली, मुलगा हुशार आहे म्हणून. दहा वर्षांनी तोच कॅनडात कार्डांच्या फसवणुकीसाठी पुन्हा पकडला गेला. नुसती हुशारी पुरत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

याच्या उलट गोष्ट मार्कस हचिन्सची. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाची खंडणीची साथ जगभर पसरली. संगणक बंद पडत आणि पडद्यावर पैशांची मागणी येई. इंग्लंडमधली इस्पितळे ठप्प झाली. हचिन्स बावीस वर्षांचा, इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका लहान गावी आईवडिलांच्या घरी राहणारा. त्याला दिसले, की ही विषारी सूचना दरवेळी एक विचित्र पत्ता इंटरनेटवर शोधते आणि तो कोणाच्याच नावावर नाही. त्याने साधारण अकरा डॉलर भरून तो पत्ता आपल्या नावावर केला आणि साथ थांबली. जगाने त्याला डोक्यावर घेतले. तीन महिन्यांनी लास व्हेगासहून घरी परतताना त्याला विमानतळावर अटक झाली, कारण पोरवयात त्याने स्वतः बँका लुटण्याची साधने लिहिली होती. त्याने गुन्हा कबूल केला. २०१९ साली न्यायाधीशांनी दोन्ही बाजू तोलल्या आणि पुन्हा तुरुंगात न पाठवता सोडून दिले. मला तो निकाल आवडला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्या वयात कोण भेटते यावर पुष्कळ अवलंबून असते.

काळ्या टोपीच्या लोकांची कीव करा, असे मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हदेराच्या हिल्लेल याफे इस्पितळावर असाच खंडणीचा हल्ला झाला आणि डॉक्टर-नर्सना कागद-पेन घेऊन काम करावे लागले. त्यात कुतूहल नव्हते, निव्वळ पैशांचा धंदा होता.

कंडक्टरचा पंच

मग माझा फोनवाला कोण? त्याने तर कोणतेच यंत्र फोडले नाही. नातवाने मला केव्हिन मिटनिकची गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसमध्ये बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला बसने फुकट हिंडायचे होते. तिथे बस बदलताना पंच केलेली चिठ्ठी लागे. आपल्या बेस्टच्या कंडक्टरच्या हातात टकटक वाजणारा पंच असे ना, तसाच. मिटनिकने बसच्या चालकाला विचारले, "शाळेच्या कामासाठी असा पंच हवा आहे, कुठे मिळेल?" चालकाने दुकान सांगितले. कोऱ्या चिठ्ठ्यांचे अर्धे पुडके डेपोजवळच्या कचऱ्यात मिळत. पोरगा गावभर हिंडला.

यात कुलूप कुठले फोडले? एका भल्या माणसाला गोड बोलून विचारले, एवढेच. पुढे मोठमोठ्या कंपन्यांत तो फोनवर असाच गोड बोलून शिरला. १९९५ साली पकडला गेला, सुमारे पाच वर्षे तुरुंगात राहिला आणि सुटल्यावर कंपन्यांना सावध करण्याचा व्यवसाय केला. २०२३ साली तो वारला. त्याचे सांगणे असे, की सर्वांत कच्चे कुलूप माणसाच्या मनाला असते. घाई, भीती आणि मदत करण्याची इच्छा या त्याच्या तीन किल्ल्या. माझ्या फोनवाल्याने गुरुवारी दुपारी त्या तिन्ही वापरल्या.

उघडी मूठ

मी नातवाला म्हटले, "तुम्हा शहाण्यांना कोणी असं फसवणार नाही." तेव्हा त्याने मला ट्रॉय हंटची गोष्ट सांगितली. हा ऑस्ट्रेलियाचा जगप्रसिद्ध सुरक्षातज्ज्ञ. कोणाकोणाचे पासवर्ड चोरीला गेले ते लोकांना कळवण्याची सेवा त्याने २०१३ मध्ये सुरू केली. मार्च २०२५ मध्ये तो लंडनला होता, प्रवासाने थकलेला. एक खोटा संदेश आला, घाई करा असे सांगणारा. त्याने पासवर्ड टाकला, मागितलेले आकडेही टाकले. क्षणात त्याच्या वाचकांची सुमारे १६,००० पत्त्यांची यादी चोरीला गेली. म्हणजे अगदी माझ्यासारखेच!

मग त्याने काय केले? थोड्याच वेळात सर्व जगाला लिहून कळवले. मी फसलो, असा फसलो, माझी चूक इथे झाली. चोरीला गेलेली आपलीच यादी त्याने आपल्या सेवेत नोंदवली आणि त्या सोळा हजारांना कळवले. कोणी त्याला मूर्ख म्हटले नाही. उलट, तो फसतो तर आपणही फसू, असे म्हणून लोक सावध झाले.

हे ऐकले त्या रात्री मला झोप आली नाही. त्या गावात मूठ झाकत नाहीत. जिथे दोष आहे तिथे बोट ठेवून सर्वांना सांगतात, म्हणून दुसऱ्याचे घर वाचते. मी तीन आठवडे मूठ झाकली, त्यात सव्वा लाख तर नाहीतच, दोन गोष्टी मात्र गमावल्या. पहिली, पैसे. त्याच दिवशी बँकेला फोन केला असता तर कदाचित सगळे वाचले असते. उशिरा गेल्यामुळे थोडेच परत मिळाले. दुसरी गोष्ट जास्त बोचते. पुढे कळले, की त्याच पंधरवड्यात आमच्या इमारतीतल्या एका विधुर शेजाऱ्यालाही तसाच फोन आला. त्यांचे माझ्या दुप्पट गेले. मी जिन्यात त्यांना रोज भेटत होते आणि हवापाण्याच्या गप्पा मारीत होते.

म्हणून आता फळ्यावर लिहिते, उतरवून घ्या. मोबाईलवर आलेले आकडे फोनवर कोणालाही वाचून दाखवायचे नाहीत. बँक ते कधी मागत नाही. कोणी घाई केली तर फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. संशय आला तर ११९ हा आपल्या राष्ट्रीय सायबर विभागाचा नंबर आहे, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत. फसलोच तर त्याच तासाला बँकेला सांगायचे आणि त्याच दिवशी शेजाऱ्याला.

पुढच्या महिन्यात आमच्या अश्दोदच्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये माझा नातू येणार आहे. कुलूप किल्लीवाचून कसे उघडते तेही दाखवीन म्हणाला आहे. ज्यांना असा फोन आला असेल, त्यांनी अवश्य यावे आणि सर्वांसमोर सांगावे. पहिली मी उभी राहीन. बिस्किटे मी करून आणते.

शालोम.